नववं भोक

माझ्या होडीला विकत घेतानाच आठ भोकं होती. विकणाऱ्याने ती लपवली नव्हती. उलट एकेक करून मोजून दाखवली होती. आणि हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या मी समाधानाने मान डोलवत पैसे मोजले होते.

होडी म्हणजे प्लास्टिकचा कायाक. पाण्यावरचे खेळ चालवणाऱ्या एकाने धंदा आवरला, तेव्हा मेव्हण्याच्या मध्यस्थीने तो आमच्या अंगणात आला. रंग नारिंगी, लांबी १० फूट, वजन २५ किलोच्या आसपास. पहिल्यांदा कर्लीच्या खाडीत सोडायला नेला, तेव्हा काठावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलाने विचारलं,

“मास्तरांनू, ह्यां काय?”

“कायाक.”

“कित्याक तां मागीर सांगा. आदी काय तां सांगा.”

मी सांगितलं. मग त्यांनी वाकून खालून पाहिलं आणि दचकून म्हणाले, “होडयेक भोक पडला की आमी बुजवतो. तुमी भोकां असलेलीच होडी इकत घेतलास?”

शिक्षकाला असा प्रश्न म्हणजे पर्वणी. मी तिथल्या तिथे तास घेतला. ही होडी म्हणजे वरून-खालून बंद असलेलं पोकळ कवच. माणूस आत बसत नाही, वर बसतो. लाटेचं पाणी वर आलं की ते निथळून जावं म्हणून वरून खालपर्यंत आरपार नळ्या ठेवलेल्या असतात. नळीच्या भिंती बंद असल्यामुळे पोकळीत थेंबही शिरत नाही. तांडेलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे पाणी येतां तां त्याच भोकांतून, आणि जातां तां पण त्याच भोकांतून?”

“हो.”

“मग मधी तुमी कित्याक?”

शेजारचे अण्णा कीर्तनाचे नेमी. त्यांनी संध्याकाळी येऊन भोकं मोजली आणि गंभीरपणे म्हणाले, “मास्तर, काया नऊ दारांची असते. तुमच्या कायाकला आठच आहेत. एक कमी पडतंय.”

अण्णांची वाणी तीन वर्षांनी फळाला आली.

नोव्हेंबरची सकाळ होती. कांदळवनाच्या कडेकडेने फिरून परत येत होतो, तर होडी लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या माणसासारखी चालायला लागली. वल्हं मारलं की विचार करून पुढे सरकायची. वळवली की वळायची, पण मग वळतच राहायची. जरा डावीकडे कललो की आत काहीतरी खळ्ळकन माझ्याआधी डावीकडे जायचं. पोकळीत साचलेलं पाणी असं इकडून तिकडे धावतं, तेव्हा होडी उलटायला फार वेळ लागत नाही. मी जीवरक्षक जाकीट घालतो म्हणून तीन वर्षं गाव मला हसत होतं. त्या दिवशी मी जाकिटाचे पट्टे दोनदा तपासले आणि काठ गाठला.

मागच्या टोकाला बूच असतं. ते काढलं. पाणी यायला लागलं. येतच राहिलं. तेवढ्या वेळात अण्णा आले, त्यांनी पाहिलं, “नववं” एवढाच शब्द उच्चारला आणि घरी जाऊन चहाही घेतला; पाणी चालूच होतं.

आता भोक शोधायचं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर घमेल्यात बुडवून कळतं. दहा फुटी होडी बुडवायला घमेलं कुठून आणायचं? आणि खाडीत बुडवायची तर ते काम ती स्वतःच करत होती. मेव्हण्याने फोनवर सुचवलं, “भावोजी, टायरवाल्याकडे न्या, कॉम्प्रेसरने हवा भरू.” इथे मात्र माझ्यातला मास्तर जागा होता. दाब थोडा असला तरी होडीच्या पोटाचं क्षेत्रफळ मोठं. दाब गुणिले क्षेत्रफळ म्हणजे बल. होडी फुग्यासारखी फुगून टायरवाल्याच्या दुकानात नवे प्रश्न उभे राहिले असते. म्हणून ती दोन स्टुलांवर पालथी घातली, बुचाच्या भोकाला मी तोंड लावलं आणि बायको साबणाचं पाणी ब्रशने पोटावर फासत राहिली. गालांचे फुगे करून मी फुंकतोय हे कुंपणापलीकडून पाहून अण्णांना शंखनाद चालला आहे असं वाटलं आणि त्यांनी हात जोडले. तिसऱ्या फुंकीला बायको ओरडली, “अहो, थांबू नका, बुडबुडे आले!” मागच्या टोकाजवळ, मधल्या कण्यावर, बोटभर लांबीची चीर होती.

भोक घरात पडलं तरी सल्ला गावाचा लागतो. पोस्टमनने कणकेसारखी मळायची दोन रंगांची पुट्टी सांगितली. त्याच्या म्हणण्यानुसार त्याच्या घराचा अर्धा भाग त्या पुट्टीवर उभा आहे. वायरमनने डांबर सांगितलं. तांडेलांनी लाकडी होडीचा मार्ग सांगितला : फटीत कापूस ठोकायचा, राळ भरायची आणि वरून काजूच्या टरफलांचं तेल. मेव्हण्याचा भरवसा क्षणात चिकटणाऱ्या डिंकावर. प्रत्येकाच्या आवाजात एक श्रद्धा होती. माणसं देवाबद्दलही इतक्या खात्रीने बोलत नाहीत.

मी कोणाचंच मन मोडलं नाही. पुट्टी लावली, ती रात्रभरात दगडासारखी कडक झाली. सकाळी बोटाने टिचकी मारली, तर साच्यातून मोदक सुटावा तशी अखंड, चिरेचा सुबक ठसा घेऊन हातात आली. डांबर दुपारच्या उन्हात घरंगळत स्टुलाच्या पायाशी जाऊन बसलं. कापूस आणि राळ यांना फट लागते. इथे फट नव्हती, ओरखड्यासारखी चीर होती. क्षणात चिकटणाऱ्या डिंकाने मात्र शब्द पाळला. माझा अंगठा आणि तर्जनी क्षणात चिकटली. होडी मोकळीच राहिली.

बायको कोमट पाण्यात माझी बोटं सोडवत असताना टेबलावर ती डिंकाची छोटी बाटली आडवी पडली होती. तिच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण होता आणि त्रिकोणात २ आकडा. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो. २ म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन. माझी होडीसुद्धा पॉलिथिनचीच. जो डिंक मी होडीला चिकटवू पाहत होतो, तो पॉलिथिनच्या बाटलीत भरण्याचं एक कारणच हे की तो पॉलिथिनला चिकटत नाही!  उत्तर डोळ्यांसमोर होतं, दुकानातून येतानाच ते पिशवीत होतं, आणि मी त्यातलाच डिंक बोटांना लावून बसलो होतो.

दहावीच्या पुस्तकात कार्बनी संयुगांचा धडा आहे. तो मी किती तुकड्यांना शिकवला याची गणती नाही. फळ्यावर पॉलिथिनची साखळी काढायचो : कार्बनला कार्बन, त्याला कार्बन, दोन्ही बाजूंना हायड्रोजन, आणि शेवटी कंसाबाहेर बारीक एन. मुलांना सांगायचो, परीक्षेला दोन मार्कांना येतं. पण या साखळीला कुठेही हात नाही, आकडा नाही, चिकटू पाहणाऱ्याने धरावं असं काही नाही, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मेणबत्तीचं मेण याच घराण्यातलं, फक्त त्याच्या साखळ्या आखूड. मेणावर पुट्टी लावायला मी गेलो नसतो. होडी नारिंगी होती म्हणून फसलो. ज्या अलिप्तपणामुळे हे प्लास्टिक फिनेलपासून लोणच्यापर्यंत काहीही पोटात ठेवून घेतं, त्याच अलिप्तपणाने ते ठिगळालाही बाहेर ठेवतं. त्यावरून गॅसची ज्योत झरझर फिरवली तर पृष्ठभागावर थोडा ऑक्सिजन बसतो आणि मग काही खास इपॉक्सी धरतात, हे खरं. पण हातात पेटती ज्योत देण्याइतका विश्वास घरात माझ्यावर उरला नव्हता.

पॉलिथिनचा जन्मही गमतीदार आहे. १९३३ साली इंग्लंडमध्ये विनिंग्टन इथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट हे दोघे इथिलिन वायूची प्रचंड दाबाखाली दुसऱ्याच एका रसायनाशी सोयरीक जमवत होते. ती जमली नाही. भांड्यात पांढरं मेणचट काहीतरी उरलं. पुढे प्रयोग पुन्हा करताना स्फोट झाला आणि काम बाजूला पडलं. १९३५ च्या डिसेंबरात पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा उपकरणाचा एक सांधा गळत होता. दाब उतरला म्हणून वरून आणखी इथिलिन सोडलं. त्यात किंचित ऑक्सिजन होता आणि त्यानेच साखळ्या बांधायचं काम सुरू करून दिलं. म्हणजे ज्याची आपण पाण्याची टाकी करतो, तेलाचा कॅन करतो, होडी करतो, ते गळतीच्या पोटी जन्मलं आहे.

हे मी बायकोला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, “मग वळणावर गेलं.”

एका बाबतीत मात्र हे प्लास्टिक दिलदार आहे. होडी घरी आणताना मेव्हण्याने गाडीच्या टपावर ती इतकी आवळून बांधली होती की पोटाला परातीएवढा पोचा आला होता. पत्र्याची असती तर ठोकाठोकी करावी लागली असती. मी ती एप्रिलच्या उन्हात पालथी टाकून जेवायला गेलो. हात धुऊन बाहेर येतो तर पोचा निम्मा वर आलेला, संध्याकाळपर्यंत जवळजवळ दिसेनासा. उन्हाने मऊ झालं की याला आपला मूळ आकार आठवतो. पण पोचा विसरणं वेगळं आणि चीर सांधणं वेगळं.

शेवटी उत्तर सापडलं ते आमच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर. ‘पाण्याची टाकी रिपेअर करून मिळेल’, खाली मोबाइल नंबर. ही पाटी मी वर्षानुवर्षं पाहत होतो. दुसऱ्या दिवशी टाकीवाला स्कूटरवरून आला. त्याने होडीवर कलिंगड वाजवून बघावं तसं टकटक केलं.

“टाकीच आहे ही.”

“कायाक आहे,” मी जरा दुखावून म्हटलं.

“आडवी टाकी.”

आणि तो बरोबर होता. गच्चीवरची काळी टाकी आणि माझी नारिंगी होडी एकाच पद्धतीने घडतात. पोकळ लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या साच्यात प्लास्टिकची पूड भरतात, साचा बंद करून मोठ्या भट्टीत दोन्ही अंगांनी सावकाश फिरवत राहतात. डब्याला तूप लावून आत मैदा टाकून डबा फिरवावा, तशी वितळलेली पूड आतून सगळीकडे बसत जाते. साचा थंड करून उघडला की बाहेर सांधा नसलेली टाकी. किंवा होडी. सख्खी चुलत भावंडं. एक जन्मभर गच्चीवर पाणी पोटात ठेवून बसते, दुसरीने पाणी पोटात घेतलं तर बोभाटा होतो.

टाकीवाल्याने ब्लेडने होडीची चिमूटभर साल काढली आणि तांब्यातल्या पाण्यात टाकली. ती तरंगली. मग चिमट्यात धरून पेटवली : ज्योत खाली निळसर, टोकाला पिवळी, थेंब गळायला लागले. विझवल्यावर लोडशेडिंग संपल्यानंतर फुंकलेल्या मेणबत्तीचा वास सुटला. “जमेल,” तो म्हणाला. “पण जातीचंच पाहिजे.”

शाळेत दरवर्षी समतेवर भाषण ठोकणारा मी. पण रेणूंपुढे भाषण चालत नाही. पॉलिथिन फक्त पॉलिथिनशी वितळून एक होतं. काही होड्यांच्या प्लास्टिकमध्ये साखळ्याच एकमेकींना आडव्या बांधून टाकलेल्या असतात. त्या वितळतच नाहीत, म्हणजे आजन्म ब्रह्मचारी. आमची सुदैवाने लग्नाळू होती. आता स्थळ शोधायचं. बायकोने आणि मी स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा उलटा करून बुडाचा आकडा वाचायला सुरुवात केली. पत्रिका बघताना घरात जसं वातावरण होतं तसंच झालं. न्हाणीघरातली नारिंगी बादली रंगाने इतकी जुळत होती की मी आनंदाने ओरडलो. उलटी केली, तर ५. पॉलिप्रॉपिलीन. दिसायला तीच, वागायला तीच, पण एकत्र वितळवलं तरी थंड झाल्यावर सालासारखी वेगळी होते. घराणं चांगलं, रंग जुळतो, पण गोत्र आड आलं. अखेर टाकीवाल्याने स्कूटरच्या डिकीतून जुन्या टाकीच्या कापलेल्या काळ्या पट्ट्या काढल्या. “रंग सावळा आहे, पण टिकेल,” तो म्हणाला. मध्यस्थ सगळीकडे हेच म्हणतात.

मग त्याने ड्रिल हातात घेतलं आणि चिरेच्या दोन्ही टोकांना एकेक गोल भोक पाडलं.

मी जागच्या जागी उडालो. नववं बुजवायला बोलावलेला माणूस दहावं आणि अकरावं पाडत होता! पण यामागे शास्त्र आहे. चिरेचं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं. होडीवर येणारा सगळा ताण त्या टोकावर जमतो आणि चीर पुढे सरकते. तिथे जेमतेम ४ मिलिमीटरचं गोल भोक पाडलं की ताण त्याच्या घेराभर वाटला जातो आणि चीर तिथेच थबकते. अण्णांनी कुंपणावरून पाहून निवाडा दिला, “दहावं म्हणजे ब्रह्मरंध्र. अकरावं मी तरी कीर्तनात ऐकलेलं नाही.”

पुढचं काम मात्र बघत राहावं असं होतं. चिरेच्या कडा त्याने व्ही आकारात कोरल्या. उन्हाने पांढुरकी झालेली वरची साल खरवडून खालचा ताजा नारिंगी भाग उघडा केला, स्पिरिटने पुसला. मग गरम हवेचं पिस्तूल एका हातात, काळी पट्टी दुसऱ्या हातात. मी म्हटलं, “पट्टी वितळवून वर ओतली की झालं ना?” त्याने मान हलवली. “मास्तर, एकटी पट्टी वितळली तर ती वर नुसती बसेल, नखाने निघेल. दोन्ही पक्ष गरम व्हायला पाहिजेत.” लग्नात हे आपोआप होतं, इथे करावं लागतं. होडीचा पृष्ठभाग ओला झाल्यासारखा चकाकला की तेवढ्याच क्षणी पट्टी दाबायची. घाई केली तर धरत नाही. उशीर केला तर जळून तपकिरी होतं आणि मग ते ठिसूळ. हा चकाकीचा क्षण कुठल्याही पुस्तकात मापून दिलेला नाही. मला वितळणबिंदू १३० अंशांच्या आसपास असतो हे पाठ होतं. त्याला तो दिसत होता.

मध्ये त्याने स्टीलच्या जाळीचा तुकडा तापवून आत रुतवला, वर पुन्हा थर दिला, आणि मी उत्साहाने आणलेली पाण्याची बादली पायाने बाजूला सारली. “आपसूक निवू दे.” दुसऱ्या दिवशी धारदार पात्याने उंचवटा तासून काढला. नारिंगी पोटावर काळा गोल डाग उरला. बायको म्हणाली, “छान दिसतंय. तीट लावल्यासारखं.”

परीक्षा म्हणून होडी सुलटी करून पोकळीत चार बादल्या पाणी ओतलं आणि डागाखाली वर्तमानपत्र पसरून झोपलो. सकाळी वर्तमानपत्र कोरडं होतं. त्या भरात मी बायकोला कायाकचा इतिहास सांगायला बसलो. उत्तर ध्रुवाकडच्या इन्यूइट लोकांची ही होडी. वाहत आलेल्या लाकडांचा नाहीतर हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं ताणलेलं. शिकारीला पुरुष जायचे आणि ती कातडी पाणी शिरू नये अशी शिवायचं काम बायकांचं.

“म्हणजे तिथेही पुरुषांनी फाडून आणायचं आणि बायकांनी शिवायचं,” ती म्हणाली, आणि इतिहासाचा तास सुटला.

“पण मी कुठे फाडली? खडकावरच्या कालवांनी कापली,” मी म्हटलं. इतके दिवस गावात हीच कथा मी सांगत होतो. कालवांच्या धारदार शिंपल्या, ओहोटीचा ओढा, मी आणि निसर्ग. ती सांगताना आवाजही जरा खोल लागायचा. पैसे न्यायला आलेला टाकीवाला ते मोजून खिशात घालत होता, तो थांबला. त्याने चिरेतून तासलेला तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. मूळची जाडी ५ मिलिमीटरच्या आसपास असते. हा तुकडा पोस्टकार्डाइतका पातळ होता. “कालवांनी शेवटचा धक्का दिला असेल. पण झिजवली आहे. कुठे घासता?”

कुठे घासत होतो ते घरासमोरच दिसत होतं. अंगणापासून खाडीपर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी आहे, पायऱ्या-पायऱ्यांची. जांभा म्हणजे देवाने तयार केलेली किसणी. पुढच्या टोकाची मूठ धरून मी तीन वर्षं होडी त्यावरून खाली-वर ओढली होती, आणि मागचं टोक प्रत्येक पायरीवर थोडं थोडं किसून निघत होतं. तांडेलांनी ऐकल्यावर कपाळाला हात लावला. “आमी पण ओढतो, मास्तरांनू. पण खाली ओंडके घालतो. ही तर उचलूची होडी!”

उचलायची, पण पंचवीस किलोचं, दहा फूट लांबीचं ते धूड एकट्याने उचललं की कुंपणाशी भांडण होतं. दुसऱ्याला रोज हाक कशी मारायची? बायकोने पहिल्याच आठवड्यात “मी धरते मागून” म्हटलं होतं. मी म्हटलं होतं, “राहू दे, तुला झेपायचं नाही.” आता नीट बघितलं, तर होडीला पुढे एक आणि मागे एक अशा दोन मुठी होत्या. पुढची माझ्या हाताने गुळगुळीत झालेली. मागची अजून दुकानातल्यासारखी नवी कोरी.

सध्या व्यवस्था अशी आहे की मागची मूठ ती धरते. त्या बदल्यात सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी होडी तिची. त्या दिवशी मी काठावर तांडेलांशेजारी जाकीट सांभाळत, म्हणजे स्वतःचं जाकीट मांडीवर घेऊन, बसतो. ती कांदळवनाकडे वळते तेव्हा पोटावरची तीट क्षणभर दिसते. परत आल्यावर मी बूच काढून बघतो. अजून एक थेंब आलेला नाही.

तेव्हा प्लास्टिकची होडी घ्यायचा विचार असेल, तर आधी मागची मूठ धरणारं माणूस ठरवा. तसं कोणी नसेल तर आमच्या कोपऱ्यावरच्या खांबावरून तो मोबाइल नंबर लिहून घ्या. आणि डिंक आणणारच असाल, तर बाटलीचं बूड वाचून मगच झाकण उघडा.